देवभात कोणाच्या मालकीचा?

(उल्हासनगर कॅम्प २ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये रानटी वनस्पतींच्या बियाण्यावर व्याख्यान ठेवावे याचे काही साथींना नवल वाटले असल्यास ते स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी छावणी म्हणून उभारलेल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यानंतर येथे कापड आले, शिलाई आली, फर्निचर आले, व्यापार आला. शेत काही आले नाही. येथील कामगार धान्य पिकवीत नाही, ते विकत घेतो. परंतु नेमक्या याच कारणामुळे हा विषय त्याचा आहे. जो पिकवतो त्याच्या कणगीत निदान पुढच्या हंगामाचे बी असू शकते. जो केवळ विकत घेतो त्याची चूल बाजारभावावर पेटते, आणि बाजारभाव अखेर शेतातील पिकाच्या प्रकृतीवर अवलंबून असतो. पिकाची प्रकृती कोण राखतो, कशाच्या आधारे राखतो आणि त्या आधारावर मालकी कोणाची, हा म्हणूनच केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न नाही. तो अर्थकारणाचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

भेंडीची गोष्ट

बाजारातील एक साधी भाजी घ्यावी. भेंडी येथील मराठी घरात शिजते तशीच सिंधी घरातही शिजते. या भेंडीला केवडा नावाचा रोग होतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे होते, आणि फळे लहान, पांढुरकी व राठ येतात. पांढरी माशी या रोगाचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली जुन्या मुंबई इलाख्यातच झाली. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा सावनी हा वाण काढला. तो काही वर्षे रोगापुढे टिकला आणि नंतर बळी पडू लागला. लागवडीतल्या भेंडीत शोधून शोधून भरवशाची प्रतिकारशक्ती सापडेना.

ती सापडली भेंडीच्या एका दूरच्या आप्तात. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा ॲबेलमॉस्कस मॅनिहॉट या दुसऱ्या जातीशी संकर केला आणि पिढ्यानुपिढ्या निवड करीत १९८५ साली 'परभणी क्रांती' हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. महाराष्ट्राबाहेरही तो पसरला. वाणाचे नाव क्रांती असले तरी तिचे श्रेय एका उपेक्षित झुडपाचेही होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

या गोष्टीचा उत्तरार्धही ध्यानात घेतला पाहिजे. विषाणू स्वस्थ बसत नाही. तो बदलतो. पुढील काळात परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला आणि नव्या प्रतिकारशक्तीचा शोध पुन्हा सुरू झाला. म्हणजे रानातल्या आप्ताकडे एकदा जाऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते. आणि जाण्यासाठी तो आप्त जिवंत असावा लागतो.

लागवडीत काय कमावले, काय गमावले

मनुष्याने सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती आरंभली तेव्हा त्याने रानातल्या गवतांमधून आपल्या सोयीची झाडे निवडली. पिकल्यावर दाणा गळून न पडणारी, एकाच वेळी उगवणारी, दाणा मोठा असणारी, कडू नसणारी. ही निवड अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या स्त्रीपुरुषांनी केली, आणि मानवजातीच्या इतिहासात याहून मोठा शोध दाखवणे कठीण आहे. परंतु प्रत्येक निवडीत काही मागे राहते. दाणा गळू नये म्हणून जे झाड घरी आणले त्याच्याबरोबर रानातील इतर हजारो झाडांचे गुण आले नाहीत. रोगाशी, किडीशी, दुष्काळाशी, खाऱ्या पाण्याशी झुंजण्याचे पुष्कळसे सामर्थ्य रानातच राहिले. पुढे विसाव्या शतकात लक्षावधी एकरांवर एकाच वाणाचा पेरा होऊ लागला. त्यातून उत्पन्न वाढले हे नाकारण्यात अर्थ नाही. हरितक्रांतीने भुकेलेल्या देशाला धान्य दिले. परंतु शेतातील विविधता आटली आणि एक रोग सगळ्यांना पुरेल अशी स्थितीही तिनेच आणली.

भाताचे उदाहरण याविषयी बोलके आहे. १९७० च्या दशकात आग्नेय आशियातील भातशेतीत तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरणारा, रोपे खुरटवून गवतासारखी करणारा एक विषाणूरोग उसळला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या संग्रहातील हजारो नमुने तपासले. उपयोगी प्रतिकारशक्ती मिळाली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात. गुरुदेव खुश यांच्या नेतृत्वाखाली तो गुण लागवडीच्या भातात आणला गेला आणि १९७६ साली आयआर-३६ हा वाण बाहेर पडला. पुढे तो कोट्यवधी एकरांवर पसरला. या रानटी भाताचे शास्त्रीय नाव ओरायझा निवारा असे आहे. शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली ते दिले. मूळ शब्द संस्कृतातील नीवार. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तपोवनाच्या खुणा सांगताना ज्या धान्याचा उल्लेख येतो, तेच हे धान्य.

ऊस हे तर महाराष्ट्राच्या राजकारणाचे पीक. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमारास उभा राहिला, आणि त्यामागून सहकारी साखरेचे सारे विश्व निर्माण झाले. परंतु त्या विश्वाचा एक पाया कोइमतूरला आधीच घातला गेला होता. तेथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा कास या रानगवताशी संकर केला आणि त्यातून को-२०५ हा वाण १९१८ साली लागवडीस आला. पावसाळा सरताना ओढ्यानाल्यांच्या काठी पांढरे तुरे उभारणारे हेच ते कास. आजच्या सर्व प्रमुख उसांच्या रक्तात त्याचा वाटा आहे. साखरसम्राटांचे पुतळे गावोगावी दिसतात. कासाला मात्र ओढा रुंद करताना यंत्राने खरवडून काढले जाते.

तुरीचेही असेच आहे. विदर्भ-मराठवाड्यातील तूर उत्पादकाला छळणाऱ्या घाटेअळीला दाद न देणारे गुण तुरीच्या रानटी आप्तांत आढळले आहेत. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेने एका रानतुरीच्या आधारे संकरित तूर सिद्ध केली आणि २०१० साली ती मध्य प्रदेशात प्रसारित झाली. डाळ महागली की सरकारे डळमळतात. त्या डाळीचा विमा असा माळरानावर उभा आहे.

उल्हास नदीच्या काठाने

हे सारे दूरदेशीचे आहे असे मात्र समजू नये. उल्हास नदी बोरघाटाच्या डोंगरात उगम पावते, कर्जत आणि बदलापूर ओलांडून या शहराजवळून जाते. तिच्या उगमाकडील खंडाळ्याच्या परिसराचा अभ्यास मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी वर्षानुवर्षे केला. खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. सह्याद्रीखेरीज अन्यत्र न आढळणाऱ्या एका रानमुगाला त्यांनी खंडाळ्याचेच नाव दिले. अडीच्या काळात डोंगरातील आदिवासी त्याचे दाणे खात आले आहेत. मूग आणि उडीद यांच्या अशा रानटी आप्तांत साठवणीतील भुंग्याला आणि पानांच्या पिवळ्या रोगाला तोंड देण्याचे गुण शास्त्रज्ञ शोधत असतात, आणि काहींत ते सापडलेही आहेत.

खाली उतरले की कर्जत. तेथील भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचे आहे आणि आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जतच्या नावाने निघालेले भाताचे वाण ठाणे-रायगडच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. आणि याच कोकणपट्टीत तळ्यांच्या काठी, पाणथळ खाचरांत, रस्त्याकडेच्या चरांत रानटी भात आपोआप उगवतो. लोक त्याला देवभात म्हणतात. त्याच्या दाण्याला लांब कुसळ असते, तांदूळ तांबूस असतो, आणि पिकताच दाणा पाण्यात गळतो. तो कोणी पेरला नाही म्हणून देवाचा. ज्याचा मालक दिसत नाही त्याला देवाचे नाव द्यावे ही लोकभाषेची जुनी रीत आहे.

भाद्रपदातील ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही, असा दंडक आहे. त्या दिवशी आपोआप उगवलेल्या भाज्या, आणि जेथे मिळतो तेथे देवभात, शिजवला जातो. छत्तीसगडमध्येही हलषष्ठीला नांगराविना उगवलेला पसहर तांदूळच चालतो, आणि त्या सुमारास तो साध्या तांदळाच्या कितीतरी पट भावाने विकला जातो. ऋषिपंचमीच्या व्रतामागे स्त्रीच्या विटाळाची जी कल्पना आहे ती निःसंशय त्याज्य आहे. समतेचा पुरस्कार करणाऱ्या कोणालाही तिच्याशी तडजोड करता येणार नाही. परंतु त्या व्रताच्या आवरणाखाली स्त्रियांनी रानातल्या धान्याची ओळख पिढ्यानुपिढ्या राखली, हेही सत्य आहे. विटाळाची कल्पना टाकावी आणि ओळख राखावी, एवढा विवेक पुरोगामी चळवळीने दाखवावयास हवा. आजवर बहुधा दोन्ही एकदमच टाकले गेले.

आणि देवभाताची जागा? ती तर रोज आक्रसते आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ पोचली. मुंबईत घर न परवडणारा श्रमिक आणि मध्यमवर्गीय माणूस येथे आला, तेव्हा त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु भातखाचरे बिगरशेती झाली की पहिला भराव पडतो तो सखल जागेत, तळ्यात आणि चरात. सिंधी घरांतून आवडीने खाल्ली जाणारी भीं, म्हणजे कमळकाकडी, ज्या प्रकारच्या तळ्यांत येते, त्याच प्रकारच्या तळ्यांच्या काठी रानभात येतो. तळे बुजले की दोन्ही गेले. कमळकाकडी दुसरीकडून आणता येईल. तेथील पाण्याला, तेथील किडींना सरावलेला तो रानभात दुसरीकडून आणता येणार नाही.

खर्च कोणी सोसायचा?

येथे अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने देवभात हे तण आहे. तो लागवडीच्या भाताशी संकर पावतो, पिकात भेसळ करतो, कापणीपूर्वीच दाणे गाळून पुढच्या वर्षीची डोकेदुखी पेरून ठेवतो. शेतकरी तो उपटतो ते योग्यच करतो. त्याने समस्त मानवजातीच्या हितासाठी आपल्या खाचरात तण राखावे, असा उपदेश शहरातल्या सभागृहातून करणे हा ढोंगीपणा होईल. राखण्याचा तोटा एका शेतकऱ्याला आणि लाभ कधीतरी, कुठेतरी, कोट्यवधी खाणाऱ्यांना, अशी ही विषम वाटणी आहे. ज्या वस्तूचा लाभ सर्वांना मिळतो आणि कोणालाही त्यापासून वगळता येत नाही, तिची किंमत बाजार लावू शकत नाही. बाजाराच्या हिशेबात रानभात शून्य आहे, आणि ते तळे बुजवून उभ्या राहणाऱ्या इमारतीचा दर मात्र चौरस फुटाला ठरलेला आहे. अशा ठिकाणी समाजाने सामुदायिक खर्च केला नाही, तर तो गुण नष्ट होणार, याविषयी शंका नको.

बाजार त्याची किंमत लावतो ती वेगळ्या टप्प्यावर. रानातला गुण प्रयोगशाळेतून पिशवीत बंद झाला, त्यावर हक्क नोंदवला गेला, की मग त्याला भाव येतो. १९९२ च्या जैवविविधता करारापूर्वी अशी जनुकसंपत्ती ही मानवजातीचा सामाईक वारसा मानली जाई. ऐकायला हे उदात्त वाटते, परंतु व्यवहारात दक्षिणेकडील देशांतून बी फुकट जाई आणि उत्तरेकडून वाण विकत येई. १९९२ नंतर प्रत्येक राष्ट्राचा आपल्या संपत्तीवरील सार्वभौम हक्क मान्य झाला. भारताने २००१ साली वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला आणि २००२ साली जैवविविधता कायदा. पहिल्या कायद्याचे कलम ३९ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. पिशवीवर छाप न मारता बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्यात आहे. त्याच कलमात, देशी वाणांचे आणि पिकांच्या रानटी आप्तांचे जतन करणाऱ्या शेतकऱ्याला जनुक निधीतून मान्यता व पारितोषिक मिळण्याचीही तरतूद आहे. २०१९ साली गुजरातेतील बटाटा उत्पादकांवर एका बहुराष्ट्रीय कंपनीने दावे लावले, तेव्हा हेच कलम शेतकऱ्यांच्या बाजूने पुढे आले आणि लोकमताच्या दडपणाखाली कंपनीला दावे मागे घ्यावे लागले.

दुसऱ्या कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत, ग्रामपंचायतीत तशीच महापालिकेतही, जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही करावी लागते. पुष्कळ ठिकाणी हे काम मुदत गाठण्यासाठी घाईने उरकले गेले. एका गावाची नोंदवही दुसऱ्या गावाला चालावी इतकी साचेबंद. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्यातील गुन्ह्यांसाठीची तुरुंगवासाची शिक्षा गेली आणि काही घटकांना लाभवाटणीच्या बंधनातून सूट मिळाली. कायदा सैल होत असताना समित्या जागृत नसतील, तर सार्वभौम हक्काचा अर्थ मंत्रालयाचा हक्क एवढाच उरेल.

वाविलोव्हचा धडा

समाजवाद्यांनी एक प्रकरण विसरता कामा नये. पिकांची उगमस्थाने शोधत जगभर हिंडलेला आणि त्या काळचा सर्वांत मोठा बीजसंग्रह लेनिनग्राडमध्ये उभा करणारा निकोलाय वाविलोव्ह हा सोव्हिएत शास्त्रज्ञ होता. संशोधन सार्वजनिक पैशातून केल्यास काय साधते याचे ते उज्ज्वल उदाहरण होते. परंतु लायसेन्कोचे सोयीस्कर सिद्धांत स्टालिनला अधिक प्रिय ठरले. १९४० साली वाविलोव्हला अटक झाली, आणि जगाची भूक संपवू पाहणारा हा माणूस जानेवारी १९४३ मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात उपासमारीने मेला. त्याच काळात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे सहकारी बियाण्याच्या पिशव्या राखत होते. भाताचे अभ्यासक दिमित्री इवानोव्ह हे तांदळाच्या हजारो पुड्यांच्या सान्निध्यात भुकेने मरण पावले. पुड्यांना त्यांनी हात लावला नाही. बियाणे कंपनीच्या हाती गेले तर ते नफ्याचे साधन होते. ते हुकूमशहाच्या हाती गेले तर शास्त्रज्ञच बळी जातो. म्हणून मालकी सार्वजनिक हवी, आणि सार्वजनिक म्हणजे केवळ सरकारी नव्हे.

तिजोरी आणि तळे

जतनाचे दोन मार्ग आहेत. पहिला शीतगृहाचा. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा ब्यूरोत बी सुकवून उणे १८ अंशांवर ठेवले जाते. या ब्यूरोचे एक केंद्र अकोल्यालाही आहे. बी नीट सुकवलेले असेल तर ते दशकानुदशके जिवंत राहते. परंतु रानटी आप्तांची साठवण कठीण असते. दाणे एकाच वेळी पिकत नाहीत, पिकले की गळतात, आणि पेरले तरी कित्येकदा वर्षभर उगवत नाहीत. संपूर्ण जगाचा आढावा घेणाऱ्या २०१६ च्या एका अभ्यासात पिकांच्या १,०७६ रानटी आप्तांपैकी ३१३ चा एकही नमुना तपासलेल्या बीजपेढ्यांत आढळला नाही.

दुसरा मार्ग जागेवरच राखण्याचा. मेघालयातील नोक्रेक येथे रानटी संत्र्यासाठी जनुक अभयारण्य आहे, ते याचे उदाहरण. तिजोरीतले बी ज्या दिवशी आत गेले त्या दिवशी थांबते. तळ्यातले बी दरवर्षी नव्या रोगाशी, नव्या उन्हाळ्याशी झुंजत पुढे जाते. तापमान वाढत असताना ही चालती झुंज अधिकच मोलाची आहे. एका रानटी भाताच्या फुलोऱ्याला भल्या सकाळी उमलण्याची सवय आहे. ती लागवडीच्या भातात आणून दुपारच्या उष्णतेपासून दाणा वाचवण्याचे प्रयत्न चालू आहेत. दोन्ही मार्ग हवेत. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

महाराष्ट्र शासनाने २०२२ साली सुमारे १७२ कोटी रुपयांच्या 'महाराष्ट्र जनुक कोश' प्रकल्पाला मान्यता दिली. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्या गावठी बियाण्याच्या कार्याला पद्मश्रीने गौरवले गेले. हे स्वागतार्ह आहे. परंतु गावठी वाणाला निदान राखणारी माउली असते. रानटी आप्ताला तीही नसते, आणि म्हणून त्याची निकड अधिक.

कार्यकर्त्यांपुढील काम

या परिसरातील कार्यकर्त्यांना तीन कामे हाती घेता येतील. पहिले, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील नगरसंस्थांकडे आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींकडे जैवविविधता नोंदवहीची प्रत मागावी. ती तपासावी आणि तळी, पाणथळ जागा व त्यांतील रानभात यांची नोंद करून घ्यावी. विकास आराखड्यात तळे तळे म्हणूनच दाखवले आहे की मोकळा भूखंड म्हणून, हेही पाहावे. दुसरे, भाद्रपद-आश्विनात कातकरी आणि ठाकर स्त्रियांना बरोबर घेऊन या जागांची पाहणी करावी. देवभात कोठे उगवतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. त्यांचे ज्ञान फुकट घेऊ नये. बी वेचण्याचे काम रोजगार हमीतील कामाप्रमाणे मजुरी देऊन करवून घ्यावे आणि नमुन्याच्या नोंदीत त्यांच्या पाड्याचे नाव असावे, ही मागणी पक्षाने लावून धरावी. तिसरे, ज्या शेतकऱ्याच्या बांधाशेजारील पाणथळ पट्टा राखावयाचा असेल त्याला दरवर्षी भरपाई मिळावी. ही दया नव्हे. कोट्यवधी खाणाऱ्यांनी भरावयाचा विम्याचा तो हप्ता आहे.

बीजपेढीतील प्रत्येक पुडीवर एक चिठ्ठी असते. बी कोठे मिळाले, कोणत्या गावच्या कोणत्या तळ्याकाठी, कोणत्या दिवशी, हे तीवर लिहिलेले असते. या कॅम्पातील कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कागदपत्रांवरही असाच एक पत्ता होता, सिंधमधील गावाचा, जेथे परतणे त्यांना कधीच शक्य झाले नाही. त्यांनी नव्या जमिनीवर पाय रोवले, कारण मनुष्य तसे करू शकतो. रानभाताला ते जमत नाही. त्याच्या चिठ्ठीवरील तळे बुजले की त्याला परतायला जागाच उरत नाही.

बदलापूरपलीकडची तळी अजून सगळी बुजलेली नाहीत. पुढच्या ऋषिपंचमीपूर्वी त्यांची यादी तयार झाली पाहिजे.